खणताच आहात, तर बघा

मे महिन्यात आमच्या घरासमोरचा रस्ता पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणला. रत्नागिरीत पावसाच्या तोंडावर हे कोणाला नवं नाही. जेसीबी पुढे सरकला, मागे कमरेएवढा खोल चर मोकळा राहिला, आणि मी कडेला उकिडवा बसून रस्त्याची कापलेली बाजू बघितली. वर तीन-चार बोटं डांबर, कारपेटवर कारपेट चढलेलं. त्याखाली खडी. खडीच्या वरच्या भागात दगडाला दगड भिडलेला होता. ओढूनही एक खडा सुटेना. पण वीतभर खाली नजर गेली की चित्र पालटत होतं. तिथे फणसाच्या गऱ्यात आठळी असावी तशी एकेक खडी लाल मातीत सुटी सुटी बसलेली. नखाने टोकरलं की ती अलगद बाहेर येई आणि मागे मातीत गुळगुळीत खळगा राही. दगडाचा दगडाशी संबंधच उरला नव्हता.

चरात उतरलेल्या मुकादमाला मी विचारलं, "खडी एवढीच टाकली होती का?" तो म्हणाला, "नाय काका, टाकलेली भरपूर असणार. जमिनीनं खाल्ली."

जमिनीने खडी खाल्ली. रस्त्याची कामं करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय. पाऊस जास्त, माती वाईट, असं म्हणावं तितक्या सहजपणे ते बोललं जातं. माझं म्हणणं असं आहे की यात दैवाचा काही भाग नाही. जमीन खडी कशी खाते ते ठाऊक आहे, किती खाते ते मोजता येतं, आणि बहुतेक ठिकाणी ते टाळता येतं. टाळलं गेलं की नाही, हे समजायला मात्र एकच वाट आहे: खणून बघणं. आपण रस्ते सतत खणतो. बघत नाही.

आधी खाण्याची क्रिया समजून घेऊ. मऊ, ओल्या मातीवर खडी पसरली आणि वरून चाकं जाऊ लागली की दोन प्रवास एकाच वेळी सुरू होतात. दगड वजनाने खाली रुततो, आणि त्याने मोकळ्या ठेवलेल्या फटींमधून बारीक माती पाण्याबरोबर वर येते. प्रत्येक चाक म्हणजे पंपाचा एक दट्ट्या. चाक आलं की चिखलातलं पाणी दाबलं जातं, गेलं की सुटतं. डांबराच्या भेगांतून पावसाळ्यात लाल गढूळ पाणी पिचकारीसारखं उडताना आपण बघतो, ती या पंपाची खूण आहे. खडीचा थर भार पेलतो तो दगडाला दगड टेकलेला असतो म्हणून, आणि कोरडा राहतो तो मधल्या फटी मोकळ्या असतात म्हणून. बारीक मातीचा थोडा वाटाही फटींत शिरला की दोन्ही गुण एकदम जातात. अभियंत्यांमध्ये एक जुना हिशेब सांगितला जातो: दहा किलो चिखलावर दहा किलो खडी टाकली की काही दिवसांनी वीस किलो चिखल मिळतो.

या हिशेबाची किंमत किती, हे एका साध्या ग्रामीण रस्त्यावर मांडून बघू. रुंदी 3.75 मीटर, लांबी एक किलोमीटर, खालचा थर 200 मिलिमीटर. म्हणजे फक्त डांबरी पट्ट्याखालची खडी 750 घनमीटर. यातली तळाची 50 मिलिमीटर, अवघी तीन बोटं, मातीने खाल्ली असं धरू. गेले 187 घनमीटर. आपल्या नेहमीच्या मापात साधारण 66 ब्रास. चार ब्रासचा डंपर धरला तर सोळा-सतरा डंपर खडी एका किलोमीटरमध्ये कामातून गेली. ती कुठल्या तरी डोंगरातून फोडून आणलेली असते आणि तिच्या वाहतुकीने दुसरा एखादा रस्ता मोडलेला असतो. शिवाय खालच्या थराची पंचवीस टक्के जाडी गेलेला रस्ता वरून मात्र पूर्वीसारखाच दिसतो. मग तो खचतो, आपण त्यावर नवं कारपेट टाकतो, आणि जमीन तेही खाली ओढत राहते.

यावरचा उपाय घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. पाणी ठिबकत राहतं, चक्का आत राहतो. फडकं फार विरविरीत असेल तर चक्का निसटतो, फार घट्ट विणीचं असेल तर पाणी अडून बसतं. माती आणि खडीच्या मध्ये असंच एक फडकं अंथरायचं. पाणी जाऊ दे, माती वर येऊ नये, दगड खाली जाऊ नये. त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. साइटवर सगळे नुसतं "कापड" म्हणतात. मीही तेच म्हणतो.

कल्पना जुनी आहे. 1926 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या महामार्ग खात्याने मातीच्या तळावर सुती कापड अंथरून त्यावर गरम डांबर आणि वाळू टाकून बघितली. 1935 च्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष आहे की कापड शाबूत होतं तोवर रस्त्याला भेगा कमी पडल्या. "शाबूत होतं तोवर" हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण शंभर वर्षं झाली तरी या विषयाचा कळीचा प्रश्न तोच आहे. पुढे न कुजणारे कृत्रिम धागे आले. 1953 च्या महापुरानंतर डच लोकांनी समुद्राच्या बांधाखाली असं कापड घातलं. 1970 मध्ये फ्रान्समधल्या व्हालक्रोसच्या मातीच्या धरणात ते गाळणी म्हणून वापरलं गेलं, आणि 1977 च्या पॅरिसमधल्या परिषदेत जे. पी. जिरू या अभियंत्याने त्याला "जिओटेक्स्टाइल" हे नाव दिलं. व्हालक्रोसची खरी थोरवी मला पुढच्या गोष्टीत वाटते: अनेक वर्षांनी त्यांनी ते कापड काढून तपासलं. ज्यांनी घातलं त्यांनाच ते पुन्हा बघावंसं वाटलं.

कापड जमिनीत टिकतं का? याचं उत्तर तीन तुकड्यांत द्यावं लागतं, कारण कापड तीन प्रकारे हरू शकतं.

पहिला पराभव अंथरण्याच्या दिवशीच होतो. टोकदार खडी डंपरने थेट कापडावर ओतली, त्यावरूनच डंपर मागे घेतला, पहिला थर पातळ टाकून रोलर फिरवला, की कापड फाटतं. जोडावर कापड एकमेकांवर पुरेसं चढवलं नाही की फट राहते आणि माती तिथूनच वर येते. हे कापड बहुधा ज्या प्लॅस्टिकचं असतं ते पॉलिप्रॉपिलीन उन्हाने झिजतं. म्हणून अमेरिकी मानक कापड अंथरल्यापासून 14 दिवसांच्या आत झाकायला सांगतं. आपल्याकडे गुंडाळ्या रस्त्याकडेला उन्हात पडून राहतात, वरचं वेष्टण फाटलेलं असतं, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही.

दुसरा पराभव गाळणी तुंबण्याचा. मातीच्या कणांना योग्य अशी छिद्रं नसतील तर कापडावर चिखलाचं साय धरल्यासारखं आवरण बसतं आणि पाणी खाली कोंडतं.

तिसरा पराभव म्हातारं होण्याचा, आणि याचीच भीती लोकांना सर्वांत जास्त असते. पण उन्हापासून दूर, मातीखाली गाडलेलं चांगल्या प्रतीचं पॉलिप्रॉपिलीन अनेक दशकं राहतं. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीचाही त्याला फारसा त्रास होत नाही. पॉलिएस्टरला मात्र चुना आणि ताजं सिमेंट बाधतं, त्यामुळे सिमेंटने माती सुधारलेल्या जागी निवड जपून करावी लागते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. 1990 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात, जिथे पाऊस भरपूर आणि जमीन मऊ आहे, विद्यापीठ आणि महामार्ग खात्याने मिळून वाहतूक सोसलेले रस्ते खणले आणि कापडाचे नमुने काढले. बहुतेक ठिकाणी कापडाने दोन थर वेगळे ठेवले होते. नुकसान दिसलं त्यातलं बरंचसं वयामुळे झालेलं नव्हतं, ते बांधकामाच्या वेळचं होतं. व्हर्जिनियाच्या बेडफर्ड काउंटीत 1994 मध्ये एका दुय्यम रस्त्यावर नऊ छोटे तुकडे बांधले: तीन नुसते, तीन कापडाचे, तीन प्लॅस्टिकच्या जाळीचे. काही वर्षांनी खणल्यावर कापडाशिवायच्या तुकड्यांत माती-खडीचा मिश्र थर तयार झालेला आढळला. कापडाच्या तुकड्यांत दोन्ही थर आपापल्या जागी होते. जाळी ताकद देते, पण तिच्या भोकांतून माती वर येतेच. ताकद देणं आणि वेगळं ठेवणं ही दोन कामं आहेत, हे त्या खड्ड्यांनी दाखवलं. खणलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं.

आता आपल्याकडे येऊ. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मातीची ताकद मोजणाऱ्या सीबीआर चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात भिजत ठेवतात. इथे जमीनच चार महिने भिजत असते. पण म्हणून सगळीकडे कापड घाला असं मी म्हणणार नाही. सड्यावरच्या अखंड कातळावर कापड अंथरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तिथे खडी खाणारं कोणी नाहीच. प्रश्न आहे तो उतारावर, जिथे जांभ्याचं टोपण संपतं आणि त्याखालची पांढरट-गुलाबी, बोटाने चिरडणारी मऊ माती उघडी पडते. प्रश्न आहे काजळी नदीच्या काठच्या मळ्यांत, भाट्ये खाडीलगतच्या खाजणांत, भराव घालून उचललेल्या पोचरस्त्यांवर, व्हाळ ओलांडणाऱ्या मोरीच्या दोन्ही अंगांना. एकाच पाच किलोमीटरच्या गावरस्त्यात कातळ, मुरूम आणि खाजण तिन्ही असतात. अंदाजपत्रक मात्र पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकसारखं असतं.

याच मातीत नारळ आहे, आणि इथे विषय अधिक रंगतो. मे 2020 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याच्या कापडाला मान्यता दिली. सात राज्यांत मिळून 1,674 किलोमीटर रस्ते त्यावर होतील असं जाहीर झालं. त्यात महाराष्ट्राचे 328 किलोमीटर. सोडणं परड्यात जाळण्याऐवजी त्यांचा रस्त्याला आधार व्हावा, ही गोष्ट कोकणी माणसाला आवडणारच. मलाही आवडते. काथ्यात लिग्निन भरपूर असतं, म्हणून तो तागापेक्षा सावकाश कुजतो. पण कुजतो. ओल्या जमिनीत काही वर्षांत तो मातीचाच होतो.

काथ्याच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो आपल्या म्हणीतच आहे: सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मऊ माती सुरुवातीच्या वर्षांत वाहतुकीखाली दबते, तिच्यातलं पाणी निघून जातं, ती घट्ट होते. तेवढा काळ काथ्या तिला सांभाळतो आणि मग निवृत्त होतो. काथ्या गेला तरी मातीला आलेला घट्टपणा राहतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. आंध्रातल्या काकीनाडा बंदराच्या रस्त्यावर 1996 मध्ये ताग वापरला गेला तो याच भरवशावर. पण एक अडचण आहे. घट्ट झालेली माती दरवर्षी जूनमध्ये पुन्हा भिजणार असेल, कडेचं गटार तुंबलेलं असेल, तर आलेला घट्टपणा टिकेल का? आणि दोन थर वेगळे ठेवण्याची गरज तर रस्त्यावरून चाक जाईल तोवर असते. ती पाच वर्षांत संपत नाही. तेव्हा घाटापलीकडच्या कोरड्या पठारावर म्हण खरी ठरेल आणि खाजणात खोटी, असंही होऊ शकतं. म्हणीवरून रस्ते बांधता येत नाहीत. पीळ राहिला का, हे त्या 328 किलोमीटरमधले काही मीटर खणूनच समजेल. आणि त्या धोरणातून झालेल्या पहिल्या रस्त्यांची पाच वर्षं आता भरत आली असल्याने, खणायची हीच वेळ आहे.

पाच वर्षं हा आकडा इथे निर्णायक आहे. ग्राम सडक योजनेत रस्ता झाल्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदाराची असते. रस्त्याकडेच्या फलकावर तसं लिहिलेलंही असतं. पाच वर्षं बहुतेक रस्ते कसेबसे काढतात. जमिनीने खडी खाल्ल्याचे परिणाम त्यानंतर ठळक होतात. म्हणजे कापडाचा खरा फायदा ज्या काळात दिसणार, त्या काळात बघायला कोणी बांधील नसतो. ठेकेदार मोकळा, अभियंत्याची बदली झालेली, फाइल कपाटात. कापड चांगलं होतं की चिंधी होती, नीट अंथरलं की फाटलं, कुठल्या मीटरला घातलं आणि कुठे नुसतं बिलात दाखवलं, यातलं काहीही कोणाला सांगता येत नाही. ज्या थराचं आयुष्य अनेक दशकांचं असू शकतं, त्याची आपली आठवण पाच वर्षांची. टिकाऊपणाचा प्रश्न मला म्हणूनच कापडापेक्षा आपल्या स्मरणाचा वाटतो.

यावर जाणकार अभियंते दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगे आहेत.

पहिला: आधी पाणी काढा. गटार नाही, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, खडीच्या थरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. अशा ठिकाणी कापड काय करणार? अगदी खरं. पाणी कोंडलेल्या रस्त्यात उत्तम कापडही हरतं. गटार आधी, कापड नंतर, हा क्रम मला पूर्ण मान्य आहे. पण यातून "गटार असेल तर कापड नको" हे निघत नाही. खाजणात पाणी खालूनच असतं. तिथे कापडाऐवजी मुरमाचा थर जाड करणं म्हणजे जमिनीला खायला मुद्दाम एक वाटा ठेवणं. तो मुरूम कुठल्या तरी टेकडीचा असतो. एकेकाळी मुरूम फुकट वाटायचा. आज कोकणातल्या कापलेल्या टेकड्या बघितल्यावर तसं वाटायला नको.

दुसरा आक्षेप प्लॅस्टिकचा. रस्त्याखाली किलोमीटरच्या किलोमीटर प्लॅस्टिक गाडायचं, आणि उद्या तो रस्ता खणला की जेसीबीच्या दातांना लागून त्याच्या चिंध्या व्हाळात, तिथून खाडीत. हा आक्षेप मला अधिक टोचतो, कारण समुद्र आमच्या दारात आहे. यावर माझं उत्तर असं: जिथे काही वर्षांचं काम पुरेसं आहे तिथे काथ्या, जिथे कायमची गरज आहे तिथेच कृत्रिम कापड, आणि ते कुठे आहे याची पक्की नोंद. नोंद असेल तर खणणारा सावध राहील आणि निघालेलं कापड गोळा करील. नोंद नसलेलं प्लॅस्टिक हा कचराच, मग त्याला कितीही तांत्रिक नाव द्या.

मानकांची आपल्याकडे कमतरता नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यातल्या अशा कापडांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी 59. थर वेगळे ठेवणाऱ्या कापडासाठी 2015 चं भारतीय मानक आहे. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये कापडाच्या ताकदीची, छिद्रांची, टिकाऊपणाची चाचणी होते. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने पाठवलेला नमुना सकाळी तिथे पोचतो. ही सगळी व्यवस्था नव्या कापडासाठी राबते. गाडलेल्या कापडाकडे मात्र कोणी वळत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि तिला नवा निधी लागत नाही. रस्ता खणायला परवानगी देताना एक अट घालावी: चर बुजवण्याआधी त्याच्या कापलेल्या बाजूचा, मोजपट्टी लावून, एक फोटो आणि चार ओळींची नोंद. डांबर किती, स्वच्छ खडी किती, माती मिसळलेली खडी किती, कापड दिसलं का, पाणी होतं का. हे काम अर्ध्या तासाचं आहे. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकणारी मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांच्या हाती हे द्यावं. दुसरं, जिथे कापड निघेल तिथला हातभर तुकडा कापून चाचणीला पाठवावा आणि त्या जागी नवं कापड दोन्ही बाजूंना पुरेसं चढवून बसवावं. तिसरं, नव्या रस्त्याच्या फलकावर जशी लांबी आणि खर्च असतो, तसंच कापड कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत आहे आणि कुठल्या जातीचं, हे लिहावं. दहा वर्षं हे नेमाने केलं तर कोकणच्या मातीत काय टिकतं याचं आपलं, इथलं ज्ञान तयार होईल. आज आपण व्हर्जिनियाच्या खड्ड्यांवरून काजळीच्या मळ्यांबद्दल अनुमान करतो.

आमच्या घरासमोरचा चर दुसऱ्या दिवशी बुजला. निघालेलीच माती आणि खडी, आता पूर्ण मिसळलेली, जेसीबीने परत लोटली. ती तशीच दाबून वर डांबराचा पट्टा मारला. त्याआधी मी घरातली शिवणाची टेप नेऊन मापं घेतली होती: डांबर सात सेंटिमीटर, दगडाला दगड टेकलेली खडी अकरा, मातीत बुडालेली खडी नऊ, त्याखाली ओली लाल माती, कापड कुठेही नाही. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा खणणार आहेत असं कळलंय. टेप मी दाराजवळच ठेवली आहे.